‘भ्रष्ट लेख’ म्हणजे काय? उत्तर युरोपातील बायझंटाइन रौप्यनाण्यांच्या अनुकृतींविषयी काही विचार

नाणकशास्त्रावरील सूचिग्रंथ चाळताना भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला एक शब्दप्रयोग वारंवार अडवतो. नाण्याचे वजन, व्यास, ठसा, प्राप्तिस्थान हे सर्व काटेकोरपणे नोंदल्यानंतर त्यावरील लेखाच्या रकान्यात केवळ ‘भ्रष्ट लेख’ एवढीच दोन पदे लिहिलेली असतात. ज्या ग्रंथकाराने वजनाचा दशांशही सोडला नाही, त्याने लेखाच्या बाबतीत मात्र एका विशेषणावर समाधान मानावे, हे चमत्कारिक आहे. प्रस्तुत लेखक नाणकशास्त्रज्ञ नाही. त्याचा व्यवसाय भाषा शिकविण्याचा. तथापि लेख हा भाषेचा व लिपीचा विषय असल्याने त्या रकान्यापुरते बोलण्याचा अधिकार त्याला असावा, अशा समजुतीने पुढील विवेचन केले आहे. त्यासाठी दहाव्या-अकराव्या शतकांत स्कँडिनेव्हिया व बाल्टिक समुद्राच्या परिसरात झालेल्या बायझंटाइन रौप्यनाण्यांच्या अनुकृती निवडल्या आहेत. या अनुकृतींच्या आधारे पुष्कळ मोठी अनुमाने काढली जातात. कोणी त्यांवरून कालक्रम लावतो, कोणी कारागिरांची निरक्षरता सिद्ध करतो, तर कोणी कॉन्स्टॅन्टिनोपलशी असलेल्या संबंधांची मोजदाद करतो. ही सारी अनुमाने बव्हंशी त्या एका विशेषणावर उभी आहेत.

प्रथम मूळ नाण्याचा विचार करू. ‘मिलिआरेसिऑन’ या नावाचे रुंद व पातळ रौप्यनाणे सम्राट लिओ तृतीय याने इ. स. ७२०च्या सुमारास, आपला पुत्र कॉन्स्टंटाइन याच्या सहराज्याभिषेकाच्या निमित्ताने सुरू केले. बारा मिलिआरेसिऑन म्हणजे एक सुवर्णनाणे, असा त्याचा भाव होता. नाण्याच्या एका बाजूस पायऱ्यांवर उभा असलेला क्रूस असे, आणि दुसऱ्या बाजूस चित्र मुळीच नसून एकाखाली एक अशा ओळींत केवळ अक्षरे असत. ही केवळ अक्षरांची बाजू ग्रीक-रोमन परंपरेत उपरी आहे. ती आली अरबी दिरहमाकडून. खलिफा अब्द अल्-मलिक याने सातव्या शतकाच्या अखेरीस नाण्यांवरील प्रतिमा काढून टाकल्या व केवळ लेख ठेवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत बायझंटाइन टाकसाळीने त्याच घाटाचे नाणे काढले. इतकेच नव्हे, तर आरंभीची कित्येक मिलिआरेसिऑन नाणी प्रत्यक्ष दिरहमांवरच पुन्हा ठसे मारून बनविलेली आहेत. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो, ते स्वतःच घाटाच्या दृष्टीने अनुकृती आहे. अनुकृतीचा विचार करताना ही गोष्ट दृष्टीआड होऊ देता कामा नये.

उत्तरेकडे ज्या नाण्याचे विशेष अनुकरण झाले, ते बासिल द्वितीय व त्याचा धाकटा भाऊ कॉन्स्टंटाइन अष्टम यांच्या संयुक्त राजवटीतील (९७६–१०२५). त्यावर क्रूसाच्या डाव्या बाजूस बासिलची व उजव्या बाजूस कॉन्स्टंटाइनची अर्धप्रतिमा आहे. सभोवती ‘यात विजय मिळवा, बासिल आणि कॉन्स्टंटाइन’ अशा अर्थाचा लेख आहे. कॉन्स्टंटाइन द ग्रेटच्या कथेतील प्रसिद्ध वचनात क्रियापद एकवचनी आज्ञार्थी आहे. येथे राजे दोन असल्याने ते ‘निकाते’ असे बहुवचनी केले आहे. व्याकरणाची एवढी जाण ठेवणारा हा लेखनिक लिपीच्या बाबतीत मात्र अगदी बेफिकीर दिसतो. दुसऱ्या बाजूवर ‘बासिल व कॉन्स्टंटाइन, राजप्रासादाच्या जांभळ्या दालनात जन्मलेले, श्रद्धावान, रोमनांचे राजे’ हा मजकूर अनेक ओळींत कोरला आहे. भाषा ग्रीक, पण अक्षरे सर्व ग्रीक नव्हेत. ‘र’साठी ग्रीक ‘रो’ नसून रोमन ‘आर’ आहे. ‘फ’साठी रोमन ‘एफ’ आहे. ‘क’साठी पुष्कळदा रोमन ‘सी’ येतो. ‘न’चे रूप रोमन लहान ‘एच’सारखे दिसते. ‘आणि’ या अर्थाचा शब्द एका वळणदार खुणेने दाखविला आहे व बहुतेक शब्द अर्ध्यावर तोडून वर एक टिंबासारखी रेघ दिली आहे. ग्रीक भाषा जाणणाऱ्यालादेखील हा लेख सवयीनेच वाचता येतो. केवळ लॅटिन शिकलेला पाद्री त्यातील निम्मी अक्षरे ओळखील आणि अर्थाला मुकेल.

म्हणजे या लेखाचे एखादे शुद्ध रूप होते व उत्तरेकडील कारागिराने ते बिघडविले, असे म्हणताना आपण कोणत्या शुद्धतेबद्दल बोलत आहोत? मूळ लेखच संकरित आहे. त्याच्या अनुकृतीत ‘रो’च्या जागी ‘आर’ सापडला, तर तो अपराध टाकसाळीचा की अनुकर्त्याचा, हे मूळ ठसे पुढ्यात ठेवल्यावाचून सांगता येत नाही. माझ्या मते सूचिकारांनी ‘भ्रष्ट’ म्हणून नोंदविलेल्यांपैकी काही वैशिष्ट्ये तरी मुळातलीच निघतील.

ही नाणी उत्तरेकडे गेली कशी, याची चर्चा अन्यत्र विस्ताराने झालेली असल्याने येथे थोडक्यात सांगतो. ९८८च्या सुमारास कीव्हचा राजा व्लादिमीर याने बंडाळीने त्रस्त झालेल्या बासिलच्या साहाय्यार्थ उत्तरेकडील योद्ध्यांची मोठी तुकडी पाठविली. आर्मेनियन इतिहासकार असोलिक यांनी अशा सैन्याची संख्या सहा हजार दिली आहे. हेच पुढे वारांगियन रक्षकदल म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांच्या वेतनातून, तसेच रशियातील नद्यांवरून चालणाऱ्या व्यापारातून, हे रुपे बाल्टिकपर्यंत पोहोचले. मात्र त्याचे प्रमाण फार नव्हते. स्वीडनमध्ये सापडलेल्या इस्लामी दिरहमांची गणना दशसहस्रांत करावी लागते. बायझंटाइन नाणी सारी मिळून काही शेच आहेत. इंगेर हामारबेर्ग, ब्रीता माल्मेर व तोरून साक्रिसॉन यांनी १९८९ साली त्यांची जी सूची प्रसिद्ध केली, ती या विषयाचा आजही आधारग्रंथ आहे. शिवाय त्या प्रदेशात रुपे मोजून नव्हे, तोलून घेत. नाणे खरे आहे की नाही हे त्यावर सुरीच्या टोकाने खाच पाडून पाहत, आणि वजन भरण्यासाठी त्याचे तुकडेही करीत. जेथे नाण्याची किंमत त्याच्या वजनात होती, तेथे त्यावरील अक्षरांचे अनुकरण करण्याचे श्रम कोणी का घेतले असावेत? माझ्या दृष्टीने या सबंध विषयातील खरा प्रश्न हाच आहे, आणि ‘भ्रष्ट’ या शब्दाने तो झाकला जातो.

आता प्रत्यक्ष अनुकृतींकडे वळू. ठसा कोरणाऱ्याला सर्व आकृती उलट्या कोराव्या लागतात, म्हणजे नाण्यावर त्या सुलट उमटतात. समोर ठेवलेल्या नाण्याबरहुकूम त्याने ठसा कोरला, तर नाण्यावर सारे आरशातल्यासारखे दिसेल. बासिल उजवीकडे जाईल आणि कॉन्स्टंटाइन डावीकडे. असे नाणे पाहिले की अनुकर्ता अज्ञ होता असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यातून सिद्ध होते ते इतकेच, की त्याने दिशेची पर्वा केली नाही. दिशा हे अक्षराचे लक्षण आहे हे जाणणारा माणूसही, अक्षर वाचले जाणार नाही याची खात्री असेल, तर दिशेची पर्वा करणार नाही.

याहून महत्त्वाचा भेद अक्षर आणि अक्षरक्रम यांच्यातील आहे. काही अनुकृतींवर सुटे अक्षर घेतले तर ते बऱ्यापैकी ओळखू येते. पण ओळीत एकापुढे एक आलेली अक्षरे कोणताच शब्द घडवीत नाहीत. दुसऱ्या काहींवर ओळींची संख्या, ओळीतील चिन्हांची दाटी, मधली अंतरे हे सर्व मुळाशी जुळते. परंतु प्रत्येक चिन्ह उभी रेघ, वर्तुळ किंवा पाचर यांपैकी काहीतरी झालेले असते. सूचीत दोन्ही ‘भ्रष्ट’च. वास्तविक हे दोन अगदी भिन्न मनोव्यापार आहेत. पहिल्यात अनुकर्त्याजवळ अक्षरांचा संच आहे, पाठ नाही. दुसऱ्यात त्याच्याजवळ पाठाचा सांगाडा आहे, अक्षरे नाहीत. पहिला लिपीशी परिचित आहे; दुसऱ्याने लेखनाला एक पोत म्हणून पाहिले आहे.

एकदा पदव्युत्तर वर्गात मी या नाण्याच्या लेखाच्या बाजूचे मोठे केलेले छायाचित्र दाखविले आणि ते वहीत उतरवून घेण्यास सांगितले. याला प्रयोग म्हणता येणार नाही, पण निष्पत्ती उद्बोधक होती. बहुतेकांनी परिचित रोमन अक्षरे नकळत ‘सुधारून’ घेतली व अपरिचित अक्षरांना जवळच्या रोमन अक्षराचे रूप दिले. एका विद्यार्थिनीला चित्रकलेचा नाद होता. तिने प्रत्येक वळण जसेच्या तसे काढले, कारण तिने ते वाचण्याचा यत्नच केला नव्हता. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना यात नवे काही वाटणार नाही. आपल्याकडील लेखनिक पोथीच्या अखेरीस ‘जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये’ अशा आशयाचा श्लोक लिहीत. पाठचिकित्सकाचा अनुभव असा, की हा श्लोक खरा मानून चालणारा अर्धशिक्षित लेखनिक फारसा धोकादायक नसतो. खरा धोका असतो तो थोडे समजणाऱ्या आणि म्हणून दुरुस्ती करणाऱ्या लेखनिकाकडून. नाण्यांच्या बाबतीतही वाचता येण्याजोगा लेख मुळाशी अधिक निष्ठ असतो असे गृहीत धरण्यास आधार नाही.

कालक्रमाचा प्रश्न यातूनच उद्भवतो. पूर्वीच्या नाणकशास्त्रात एक सोयीस्कर कल्पना रूढ होती: शुद्ध लेख आधीचा, किंचित बिघडलेला नंतरचा, पुरता बिघडलेला सर्वांत शेवटचा. पाठचिकित्सेतील वंशवृक्षाचीच ही प्रतिकृती होय. उत्तरेकडे अशा क्रमाची उदाहरणे नाहीत असे नाही. हेडेबी येथील आरंभीच्या नाण्यांवर शार्लमेनचे नाव व दोरेस्ताद या त्याच्या टाकसाळीचे नाव यांची अक्षरे पायरीपायरीने चिन्हांत रूपांतरित होताना दिसतात, आणि माल्मेर यांनी १९६६च्या आपल्या प्रबंधात त्यांचा सूक्ष्म अभ्यास केला आहे. पण त्याच माल्मेर यांच्या पुढील संशोधनाने या कल्पनेला सुरुंग लावला. सिग्तुना येथे ९९५च्या सुमारास ओलोफ श्योतकोनुंग याने इंग्लंडच्या एथेलरेडच्या नाण्यांच्या धर्तीवर नाणी पाडण्यास आरंभ केला. त्या नाण्यांचे, तसेच स्कँडिनेव्हियातील इतर इंग्रजी धर्तीच्या नाण्यांचे ठसे माल्मेर यांनी एकमेकांशी जुळवून पाहिले. एकच वरचा ठसा दोन वेगळ्या खालच्या ठशांबरोबर वापरला गेला असेल, तर ते तिन्ही ठसे एका कार्यशाळेत व निकटच्या काळात होते, असे मानता येते. अशा साखळ्या जुळविल्यावर सुवाच्य लेखांचे ठसे आणि निरर्थक लेखांचे ठसे एकाच साखळीत गुंफलेले आढळले. साक्षर हात व निरक्षर हात शेजारी बसून काम करीत होते. त्यांच्यामध्ये पिढ्या नव्हत्या. बायझंटाइन अनुकृतींची संख्या लहान असल्याने अशा लांबलचक साखळ्या तेथे अपेक्षिता येत नाहीत. परंतु म्हणून मोडीत निघालेले जुने गृहीतक त्यांच्यापुरते जिवंत ठेवणे समर्थनीय नाही.

याचे एक ठळक उदाहरण आपल्या अंगणात आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक रौप्यनाण्यांचा निधी सापडला. ती क्षहरात नहपानाची नाणी असून, त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. रेव्ह. एच. आर. स्कॉट यांनी त्या निधीचे विवेचन केले. नहपानाच्या नाण्यावर तोच प्राकृत मजकूर तीन लिप्यांत आहे: ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक. ब्राह्मी लेख सामान्यतः स्पष्ट. ग्रीक लेख मात्र कोठे वाचता येतो, कोठे केवळ अक्षरसदृश रेघा उरतात. नाणे एक, टाकसाळ एक, राजा एक. मग त्या टाकसाळीस साक्षर म्हणावे की निरक्षर? पुढील क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ग्रीक अक्षरे राजाच्या मस्तकाभोवतीची केवळ वेलबुट्टी होऊन राहिली, आणि ब्राह्मी लेख राजाचे व त्याच्या पित्याचे नाव बिनचूक सांगत राहिला. ग्रीक लेख तेथे वाचण्यासाठी नव्हताच. नाणे नाण्यासारखे दिसावे, यासाठी तो होता.

उत्तरेकडील लोकांविषयी हेच म्हणता येते. ज्या समाजाला ग्रीक लेख उतरविता आला नाही, तो समाज लिहिण्यावाचण्यास पारखा नव्हता. स्वीडनमधील उपलांड प्रांतात एड येथे एका प्रचंड शिळेवर रोग्नवाल्ड नावाच्या माणसाने आपल्या मातेच्या स्मरणार्थ रूनलिपीत लेख कोरविला, आणि त्यात आपण ग्रीकांच्या देशात सैन्याच्या तुकडीचे नायक होतो हेही सांगून घेतले. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या हागिया सोफिया मंदिरातील संगमरवरी कठड्यावर कोणा हाल्फदानने आपले नाव रूनलिपीत खरडले. ते १९६४ साली लक्षात आले. ग्रीक लेखांनी भरलेल्या त्या नगरात वर्षानुवर्षे राहूनही या लोकांना लिहावेसे वाटले ते आपल्या लिपीत. तेव्हा ग्रीक लेखाच्या विकृतीवरून साक्षरतेचा अभाव सिद्ध होत नाही. फार तर इतकेच सिद्ध होते, की ग्रीक लिपी ही त्यांच्या लेखी भाषेचे वाहन नव्हती.

येथे ‘भ्रष्ट’ या शब्दाचा आपल्याच शास्त्रातील इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. पतंजलीने महाभाष्यात ‘गौः’ या एका साधु शब्दाचे गावी, गोणी इत्यादी अनेक अपभ्रंश असल्याचे म्हटले आहे. त्या दृष्टीने पाहता आपली ‘गाय’ हीसुद्धा एक चूकच. तरीही आज कोणी भाषाशास्त्रज्ञ मराठीला संस्कृतची बिघडलेली आवृत्ती समजून तिचे वर्णन करीत नाही. ती स्वतःच्या नियमांनी चालणारी व्यवस्था आहे हे गृहीत धरूनच तो कामाला लागतो. नाण्यांशी निगडित शब्दांकडेच पाहा ना. ग्रीक ‘द्राख्मे’चा संस्कृतात ‘द्रम्म’ झाला, त्याचा ‘दाम’ झाला, आणि आपली ‘दमडी’ही त्याच कुळातली. बाजारात दाम मोजणाऱ्या माणसाला ग्रीक शब्दाचा भ्रष्ट उच्चार केल्याबद्दल कोणी दोष देत नाही. मग द्राख्मेच्याच एका दूरच्या वारसावरील अक्षरांनी उत्तरेत नवे रूप घेतले, तर त्यांच्यासाठीच हे निंदाव्यंजक विशेषण राखून का ठेवावे? शब्द दुसऱ्या भाषेत गेला की तेथील ध्वनिव्यवस्थेच्या साच्यात बसतो. अक्षर दुसऱ्या लिपीच्या प्रदेशात गेले की तेथील हाताच्या सवयीच्या साच्यात बसते. उभी रेघ व पाचर यांनी भरलेल्या त्या ओळी लाकडावर व दगडावर सरळ रेघांची रूनलिपी कोरणाऱ्या हाताच्या आहेत काय, हे कोणीतरी तपासावयास हवे. मला ते संभाव्य वाटते. परंतु सिद्ध करावयाचे तर एकेका ठशातील एकेका चिन्हाची आकृती प्रसिद्ध झाली पाहिजे, आणि ‘भ्रष्ट लेख’ या नोंदीने नेमके तेच काम अडते.

अनुकृती या एकाच नावाखाली किती भिन्न व्यवहार मोडतात, हे शेजारच्या कीव्हकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. बाप्तिस्मा घेतल्यानंतर व्लादिमीरने बायझंटाइन धर्तीची सोन्याची व रुप्याची नाणी पाडली. चित्रे सम्राटाच्या नाण्यांवरून घेतली. पण लेख स्लाव भाषेत व सिरिलिक लिपीत घातला. ‘व्लादिमीर सिंहासनावर, आणि हे त्याचे रुपे’ असा त्या रौप्यनाण्यावरील लेखाचा आशय आहे. ग्रीक लेखात राजा, त्याची श्रद्धा व त्याची प्रजा यांचा उच्चार आहे. कीव्हच्या लेखात राजा, आसन आणि त्याचे रुपे. हे भाषांतर नव्हे. नाण्यावर काय लिहिले जाते हे समजून घेऊन रचलेले स्वतंत्र वाक्य आहे. यारोस्लावच्या नाण्यावर संत जॉर्जचे नाव ग्रीकात राहिले आणि राजाचे नाव स्लावात आले. म्हणजे संताची भाषा एक व राजाची भाषा दुसरी. याउलट मर्सियाचा राजा ओफा याच्या आठव्या शतकातील प्रसिद्ध सुवर्णनाण्यावर अब्बासी दिनाराचा अरबी लेख बराचसा ओळखू येण्याजोगा उतरला आहे, आणि त्याच्या मधोमध ‘ओफा राजा’ ही लॅटिन अक्षरे अरबीच्या मानाने उलटी घातली आहेत. ज्याने ती घातली, त्याला अरबी लेखाची वरची बाजू कोणती हे ठाऊक नव्हते, तरी राजाचे नाव कोठे व कसे यावे हे ठाऊक होते. खझरांच्या ८३७-८३८च्या दिरहमावर तर अरबी लेखात मुहम्मदाच्या जागी मूसाचे नाव आले आहे. तेथे अनुकृतीने मूळ लेखाशी वादच घातला आहे, आणि तोही निर्दोष अरबीत. अशा एका नाण्याचा लाभ गॉटलंडमधील स्पिलिंग्स येथे १९९९ साली सापडलेल्या, चौदा हजारांहून अधिक नाण्यांच्या निधीत झाला. तेव्हा गॉटलंडच्या शेतकऱ्याच्या एकाच गाठोड्यात मूळ, अनुकृती आणि प्रत्युत्तर ही तिन्ही एका भावाने तोलली जात होती.

डेन्मार्कचे प्रकरण मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण तेथे एका थोर विद्वानाशी मतभेद नोंदवावयाचा आहे. अकराव्या शतकाच्या मध्यास, विशेषतः स्वेन एस्त्रिदसेन (राज्यारोहण १०४७) याच्या लुंड येथील रौप्यनाण्यांवर बायझंटाइन चित्रे एकाएकी दिसू लागतात. सिंहासनस्थ ख्रिस्त त्यांत आहे, तसेच देवदूत व सम्राट शेजारी उभे असलेले चित्रही आहे. हे दुसरे चित्र सम्राट मायकेल चतुर्थ (१०३४–१०४१) याच्या सुवर्णनाण्यावरून घेतलेले आहे. फिलिप ग्रिअर्सन यांनी (आपल्या भाषासर्वेक्षणाचे जॉर्ज ग्रिअर्सन ते हे नव्हेत) १९६६ साली या चित्रांचा संबंध हाराल्ड हार्द्राडा याच्याशी जोडला. हाराल्ड वारांगियन दलात होता, ही केवळ दंतकथा नव्हे. केकाउमेनोस या बायझंटाइन लेखकाने ‘आराल्तेस’ या नावाने त्याचा उल्लेख केला आहे. सिसिली व बल्गेरिया येथील मोहिमांतील त्याचा सहभाग व त्याला मिळालेल्या पदव्याही त्याने दिल्या आहेत. १०४५च्या सुमारास हाराल्ड अपार द्रव्य घेऊन उत्तरेस परतला, स्वेनशी त्याने काही काळ सख्य केले, आणि त्या द्रव्यातील सुवर्णनाणी लुंडच्या टाकसाळीपुढे आदर्श म्हणून आली, असा ग्रिअर्सन यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे.

उपपत्ती आकर्षक आहे, कालदृष्ट्या जुळणारीही आहे. एकाच नाण्याची नव्हे तर अनेक प्रकारांची चित्रे थोड्या काळात येतात, याचे तिने समाधानकारक उत्तर दिले. परंतु मला त्यात दोन उणिवा दिसतात. हाराल्ड स्वतः १०४६ ते १०६६ नॉर्वेचा राजा होता. त्या काळात त्याने जी नाणी पाडली, त्यांवर मुख्यतः तीन पाळ्यांची गुंफण आहे, बायझंटाइन चित्रे नव्हेत. त्याच्या नाण्यांत पुढे तांबे इतके वाढले, की सागावाङ्मयात हाल्दोर स्नोरासोन हा त्याचा जुना साथीदार ते वेतन गवतात भिरकावून देतो. ज्याच्या पेटीत आदर्श होते त्याने ते वापरले नाहीत, आणि ज्याला त्यांचा वाटा मिळाला त्याने वापरले, याची काही कारणमीमांसा हवी. दुसरी उणीव लेखासंबंधीची. लुंडच्या नाण्यांवर चित्र बायझंटाइन असले, तरी लेख स्वेनच्या नावाचा व टाकसाळीचा आहे. आणि १०६५ ते १०७५च्या सुमारास तर नाणी पाडणाऱ्यांची नावे चक्क रूनलिपीत येतात. म्हणजे तेथे चित्र आणि लेख यांची फारकत झाली होती. बासिलच्या मिलिआरेसिऑनच्या अनुकृतींत ही फारकत नाही. तेथे लेखाची बाजूही नाण्याचे रूप म्हणून उचलली आहे. एका ठिकाणी राजसत्ता बाहेरच्या चित्राला आपल्या नावाखाली घेत आहे, दुसऱ्या ठिकाणी नावाचा प्रश्नच उद्भवलेला नाही. या दोन घटनांना ‘बायझंटाइन प्रभाव’ या एकाच मथळ्याखाली घालून त्यांची बेरीज करणे, हे ऋणशब्द आणि रचनेचे अनुकरण यांची एकत्र मोजणी करण्यासारखे आहे.

ऋणशब्दांचा उल्लेख आलाच आहे, तर हाराल्डच्या द्रव्याशी निगडित एका शब्दाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्नोरी स्तुर्लुसन यांच्या ‘हेइम्सक्रिंगला’ ग्रंथात हाराल्डने तीन वेळा ‘पोलूतास्वार्फ’ केल्याचे म्हटले आहे. सम्राट मृत्यू पावला की वारांगियनांना राजवाड्याच्या कोषागारांतून फिरून हाती लागेल ते नेण्याची मुभा असे, असे स्पष्टीकरण स्नोरी देतात. त्यांना शब्दाच्या पूर्वार्धात ‘राजवाडा’ ऐकू आला. काही अभ्यासकांनी त्यात कीव्हच्या राजांच्या करवसुलीच्या फेरीचे स्लाव नाव, ‘पोल्युद्ये’, पाहिले आहे. तसे असेल, तर कर गोळा करण्याची रुक्ष फेरी दोनशे वर्षांनी आइसलंडमध्ये सम्राटाच्या खजिन्याची लूट झाली. अनोळखी ध्वनी ओळखीचे करून घेताना अर्थाची नवी मांडणी झाली. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात व तिचा अभ्यास करतात. स्नोरींचा पाठ भ्रष्ट म्हणून टाकून देत नाहीत. ग्रिअर्सन यांच्या उपपत्तीतील अपार द्रव्याला मात्र याच शब्दाचा आधार आहे, म्हणून तो सावधपणे वापरावयास हवा.

मूळ प्रश्नाकडे वळू: तोलून घेतल्या जाणाऱ्या रुप्यावर अक्षरे कशासाठी? याचे एक उत्तर नाणकशास्त्राबाहेरून आले आहे. उत्तरेत सापडलेल्या पुष्कळ बायझंटाइन नाण्यांना भोके पाडलेली आहेत किंवा कड्या लावलेल्या आहेत. ती गळ्यात घालीत. फ्लोराँ ओदी यांनी २०१८ साली स्टॉकहोम येथे सादर केलेल्या प्रबंधात लटकन म्हणून वापरलेल्या अशा नाण्यांचा समग्र विचार केला आहे. भोक कोठे पाडले, त्यामुळे कोणती बाजू पुढे येते व कोणते चित्र सरळ लोंबते, हे प्रश्नही त्यांनी विचारात घेतले आहेत. मिलिआरेसिऑनच्या एका बाजूस क्रूस आहे, दुसऱ्या बाजूस अक्षरे. क्रूस छातीवर सरळ यावा अशी इच्छा असणाऱ्याला अक्षरे अंगाकडे ठेवावी लागतात. तेथे ती कोणीच वाचीत नाही, फक्त अंगाला लागून राहतात. पण ती तेथे आहेत, हे घालणाऱ्याला माहीत असते. ताईतातील भूर्जपत्रावर काय लिहिले आहे हे ताईत बांधणाऱ्याला आपल्याकडेही क्वचितच सांगता येते, आणि कोरे भूर्जपत्र मात्र कोणी बांधून घेत नाही.

म्हणून या अनुकृतींच्या पुढील सूचीत लेखाच्या रकान्यात निदान चार गोष्टी नोंदल्या जाव्यात असे सुचवावेसे वाटते: ओळी किती, प्रत्येक ओळीत चिन्हे किती, त्यांपैकी कोणती मूळ लेखातील कोणत्या अक्षराच्या जागी आली आहेत, आणि भोक असल्यास लेख त्या भोकाच्या मानाने सरळ आहे की उलटा. हे काम छायाचित्रांवरून होण्याजोगे आहे. त्याला ग्रीक येणे आवश्यक नाही. किंबहुना आरंभी ते न आलेलेच बरे.